म्युनिकचा परतीचा सामना आणि मी दिलेला शब्द

जर्मनीहून परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण मला दोनच गोष्टी विचारतो. तिथला किल्ला बघितला का, आणि गाड्या खरंच दोनशेच्या वेगानं पळतात का. किल्ला मी बघितलेला नाही. तिकडे जायचं ठरलं त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं. गाड्यांचं सांगतो, पण त्याआधी फुटबॉलचं सांगावं लागेल. कारण परदेशात जाऊन मी गाडीच्या डाव्या सीटवर बसलो, म्हणजे स्टिअरिंगच्या मागे, तो फुटबॉलमुळे.

माझं कोल्हापुरात मोटारपंपांचं दुकान आहे. धाकटा भाऊ अभय सहा वर्षं जर्मनीत आहे. रेगेन्सबर्गजवळच्या एका गावात त्याचं घर. बायको मानसी, मुलगी सई, वय तेरा. सईला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. माझ्यापुरती ती कष्ट घेऊन मराठी बोलते, आणि काकाला जर्मन शिकवण्यापेक्षा हे सोपं आहे असं तिचं मत आहे. अभयला हल्ली कंपनीच्या कामासाठी सोमवार ते शुक्रवार गेर्लिंगेनला राहावं लागतं. तो ट्रेननं जातो, गाडी गॅरेजमध्ये उभी असते. मी आणि माझी बायको विजया मार्चमध्ये तिथे पोचलो.

शनिवार, घरी

घरात शिरल्यावर पहिली नजर गेली ती हॉलमधल्या कपडे वाळत घालायच्या रॅकवर. सगळे हिरवे टी-शर्ट, पाठीवर नंबर. दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच हिरवे टी-शर्ट, पुन्हा ओले.

"हे काय गं मानसी?"

"सईच्या टीमचे, भाऊजी. इथे दर मॅचनंतर कुणा एकाच्या घरी सगळ्या टीमचे धुवायचे असतात. आईबापांची पाळी असते."

"पण मागच्या शनिवारीही तुझीच पाळी होती."

"हो, ती पण माझीच होती," असं म्हणून ती आत गेली.

मी विजयाला म्हटलं, की आमच्या घरच्या सुनेला या लोकांनी गावाची लाँड्री करून टाकलंय. विजया म्हणाली, "तुम्ही आजवर स्वतःचा बनियन तरी धुतलाय का? मग दुसऱ्याच्या धुण्यात पडू नका."

त्याच संध्याकाळी मानसीनं मला ओट्याजवळ गाठलं. म्हणाली, "भाऊजी, सई तुमचं ऐकते. तिला जरा समजवा. एका मोठ्या क्लबनं तिला चाचणीला बोलावलंय. घेतली तर ऑगस्टपासून मंगळवार-गुरुवार प्रॅक्टिस, तीस-पस्तीस किलोमीटर लांब. अभ्यास कधी करायचा? गावातल्या टीममध्ये खेळते तेवढं पुरे आहे."

मी म्हटलं, "मी आहे ना."

जेवण झाल्यावर सईनं मला बाल्कनीत गाठलं. "काका, तू आईला सांग ना. गुरुवारी प्रोबेट्रेनिंग आहे. ट्रेनर एकदा खेळवून बघते. लेनापण जाणार. आई नाही म्हणते."

मी म्हटलं, "मी आहे ना."

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांतून, तालमीतालमींतून खेळला जातो. दोन तालमींना एकाच वेळी 'तुमच्याकडून खेळतो' असं सांगणाऱ्याचं पुढे काय होतं, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तरीही मी ते केलं. घरातला मोठा माणूस म्हणून वागायचं तर सगळ्यांना हो म्हणावं लागतं, अशी माझी समजूत आहे.

बुधवार, म्युनिक

युरोपातल्या क्लबांची महिलांची मोठी स्पर्धा असते, तिच्या बाद फेरीचा सामना म्युनिकला होता. उपांत्यपूर्व फेरी. सईच्या टीमनं मिळून तिकिटं काढली होती, आणि आम्हाला न्यायला सात सीटांची गाडी घेऊन आली बिर्गिट. बिर्गिट म्हणजे लेनाची आई, दवाखान्यात नर्स, मागच्या गल्लीत राहते. लेना आणि सई एका टीममधल्या. गेली दोन वर्षं बाहेरगावच्या प्रत्येक मॅचला सईला हीच बाई घेऊन जाते, हे मला गाडीत कळलं. मानसी तिचे इतके आभार मानत होती की मला वाटलं पहिल्यांदाच नेतेय.

बिर्गिटनं वाटेत एक डबा मागे सरकवला. त्यात नवलकोलाच्या फोडी होत्या. कच्च्या, मीठसुद्धा नाही. विजयानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. नवलकोलाची भाजी समोर आली की मी आजवर घरातून उठून गेलेलो आहे. इथे मात्र "गूट, गूट", म्हणजे छान छान, म्हणत चार फोडी खाल्ल्या. मुलींनी बाकीचा डबा पेरू खावा तसा संपवला.

वाटेत मी विजयाला स्पर्धा समजावली. बाद फेरीत दोन संघ दोनदा खेळतात, एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या घरी. दोन्हीचे गोल एकत्र मोजायचे. म्युनिकवाल्या मुली आठवड्यापूर्वी फ्रान्समध्ये दोन गोलांनी हरून आल्या होत्या. आज परतीचा सामना.

"म्हणजे आदल्या जेवणातलं शिळं आजच्या ताटात वाढून घेऊनच बसायचं," विजया म्हणाली.

"बरोबर."

"आपल्याकडे बरं असतं. हरला की घरी."

फाटकावर आमची पिशवी अडली. ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत न्यायची नाही असा नियम, आणि पिशवीत स्टीलचा डबा. डब्यात जयसिंगपूरहून आणलेलं भडंग. धातूचा डबा अजिबात चालणार नाही असं तिथल्या उंच पोरानं सांगितलं. सईनं माझ्याकडून बाजू मांडली, पण तिचाच आवाज इतका शरमलेला होता की हरण्याचीच चिन्हं होती. शेवटी विजयानं भडंग सगळ्यांच्या जॅकेटच्या खिशांत वाटून टाकलं आणि रिकामा डबा बिर्गिट गाडीत ठेवून आली. सामनाभर आमच्या खिशांतून लसणाचा वास येत होता. पुढच्या रांगेतले एक आजोबा दोनदा वळून बघून गेले. तिसऱ्यांदा वळले तेव्हा विजयानं त्यांच्या हातावर मूठभर ठेवलं. मग ते सारखेच वळायला लागले.

मैदान छोटं होतं, आणि तेच मला फार आवडलं. आम्ही गवताच्या इतके जवळ, की खेळाडू एकमेकींना काय ओरडून सांगताहेत ते ऐकू येत होतं. एका कोपऱ्यात ढोलवाले, बाकी सगळे आईबाप, आजीआजोबा, टीमचे कपडे घातलेल्या मुली. एका बाजूला फ्रान्सहून आलेले थोडेसे पाहुणे, त्यांच्या नि यजमानांच्या मध्ये नुसती एक दोरी. आमच्याकडे दोन तालमींच्या मध्ये पोलिसांची व्हॅन लागते. फ्रान्सची गोली, म्हणजे गोलकीपर, पडून उठली तर म्युनिकच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चाळीस वर्षं मॅच बघतोय, समोरच्या गोलीला टाळ्या वाजवणं मला शारीरिकदृष्ट्याच जमत नाही. हात वर आले, पण वाजले नाहीत.

माझी खरी अडचण वेगळीच झाली. पहिल्या पंधरा मिनिटांत रेफरीनं म्युनिकला एक फ्री किक नाकारली. मी सवयीनं उठलो, छाती भरून घेतली, आणि तोंड उघडल्यावर लक्षात आलं की रेफरी बाई आहे. माझा सगळा शब्दसाठा पुरुष रेफरीसाठी तयार झालेला. ऐन वेळी तोंडातून निघालं, "अहो मॅडम, असं काय करता?"

"काका, निष्ट सो लाउट," सई माझी बाही ओढत म्हणाली, म्हणजे इतकं मोठ्यानं नको. पण तिला हसू आवरत नव्हतं. लेनानं अर्थ विचारला, सईनं सांगितला, आणि मग टीममधल्या चार मुली पूर्ण सामनाभर "आहो माडाम" ओरडत राहिल्या.

सईची जागा म्हणजे डावी बॅक. त्यामुळे तिचं लक्ष सगळं म्युनिकच्या तीन नंबरवर. तीन नंबर लहानखुरी, केसांची घट्ट वेणी, आणि कडेनं अशी पळायची की समोरचीला वळायलाच वेळ मिळू नये. मध्यांतराच्या जरा आधी तिनंच डावीकडून चेंडू आत टाकला आणि नऊ नंबरनं डोक्यानं गोल केला. एक झाला. अजून एक हवा. मी बिर्गिटला मिठी मारायला निघालो होतो, विजयानं मागून जॅकेट धरलं.

मध्यांतराला मी आनंदात होतो. त्यातच सगळं घडलं. बिर्गिट सईशी काहीतरी बोलत होती आणि सईचा चेहरा उतरलेला. मी विचारलं काय झालं.

"उद्या लेनाला नेणार होती ती प्रोबेट्रेनिंगला," सई म्हणाली. "पण तिची उद्या दुपारची ड्यूटी लागली. आता दुसऱ्या कुणाला विचारणार."

मी उभा राहिलो. घरातला मोठा माणूस होतोच, वर एक गोल झालेला. म्हटलं, "सई, सांग तिला. दोन वर्षं तुम्ही आमच्या मुलीला नेलंत, आता आमची पाळी. उद्याही आणि ऑगस्टपासूनही. एक दिवस तुमची गाडी, एक दिवस आमची. आमच्या घरची गाडी तिथे नुसती उभी आहे. माझा शब्द आहे."

 सईनं ते सगळं जर्मनमध्ये सांगितलं. 'माझा शब्द आहे' हेसुद्धा सांगितलं असणार, कारण बिर्गिटनं छातीवर हात ठेवला. मग ती आनंदानं मानसीकडे वळून काहीतरी म्हणाली. मानसीचा चेहरा पार उतरला.

"काय म्हणाली?" मी सईला विचारलं.

सईनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ती म्हणाली, अरे वा, मानसी, तू पास झालीस? आई दोनदा फेल झालीय, काका. ड्रायव्हिंगमध्ये."

मला हे माहीत नव्हतं. कोल्हापूरच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पुण्यात असताना मानसी रोज गाडी चालवायची. आपलं लायसन्स इथे राहायला आलेल्या माणसाला सहा महिनेच चालतं, मग परीक्षा द्यावी लागते, हे मला अभयनं एकदा सांगितलं होतं. ती झाली असेल असंच मी धरून चाललो होतो.

मानसी बिर्गिटला शांतपणे जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलली. सईनं भाषांतर केलं नाही, पण दुसऱ्या वाक्यात माझ्याकडे बोट होतं.

"आता काय म्हणाली?"

"आई म्हणाली, पास नाही झाले. हे चालवणार आहेत."

"मी?"

"भाऊजी," मानसी मराठीत म्हणाली, "विमानतळावर सगळ्यांना काढून दाखवलंत ना ते इंटरनॅशनल परमिट. पाहुण्यांना चालतं ते. शब्द तुम्ही दिलाय." आणि ती मैदानाकडे तोंड करून बसली.

विजया माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

त्यामुळे उत्तरार्ध मी जरा कमी आवाजात बघितला. म्युनिकच्या मुली मात्र तुटून पडल्या होत्या. चेंडू एकदा खांबाला लागला, एकदा गोलीच्या गुडघ्याला. सामना संपत आला असताना कॉर्नरवरून गर्दीत कुणाचा तरी पाय लागला आणि दुसरा गोल झाला. आजोबा माझ्या गळ्यात पडले. दोन अधिक शून्य, तिकडचे दोन, बरोबरी. जादा वेळ.

जादा वेळेत सगळ्यांचे पाय जड झाले होते. तीन नंबरला डावीकडे चेंडू मिळाला, समोर कुणी नव्हतं, आणि तिनं आपल्याच गोलीकडे मागे पास दिला. पास आखूड पडला. फ्रान्सची उंच मुलगी मधूनच आली, चेंडू घेतला आणि रिकाम्या जागेत ढकलला. मैदान असं गप्प झालं की फ्रान्सच्या त्या मूठभर लोकांचा प्रत्येक आवाज वेगळा ऐकू आला. पुढे काही झालं नाही. त्या दिवशीचा सामना म्युनिकच्या मुलींनी दोन-एक जिंकला आणि तरी एकूण गोलांत तीन-दोन मागे पडून त्या स्पर्धेतून बाहेर गेल्या. विजयाला मी हे दोनदा समजावलं. तिला समजलं होतं, पटत नव्हतं.

लेना रडत होती. सई रडत नव्हती, ती ओठ दाबून तीन नंबरकडे बघत होती.

कोल्हापुरात हरलेली टीम पाच मिनिटांत दिसेनाशी होते. व्हावंच लागतं. इथे खेळाडू जमिनीवर थोडा वेळ बसल्या, मग उठल्या आणि सगळ्या मैदानाला वळसा घालत कठड्याशी आल्या. लहान मुली वह्या, टोप्या, पुठ्ठ्यावर लिहिलेल्या पाट्या पुढे करत होत्या. आमच्या समोर आली ती तीन नंबरच. डोळे सुजलेले, नाक लाल. एका पिटुकल्या मुलीनं टोपी पुढे केली, तिनं तिचं नाव विचारलं, सही केली, पुढच्या मुलीकडे वळली. सईच्या शर्टावरही केली. सईनं काहीतरी विचारलं, तिनं थांबून, डावा पाय वळवून दाखवत, उत्तर दिलं.

मानसी मध्यांतरापासून पहिल्यांदाच बोलली. बिर्गिटला विचारलं, आणि मग मला आपणहून मराठीत सांगितलं. "मी विचारलं, ही आत का निघून गेली नाही? बिर्गिट म्हणते, कशाला? शनिवारी परत मॅच आहे की."

गुरुवार, तीस-पस्तीस किलोमीटर

सकाळी विजयानं मला सगळं सांगितलं. मानसीनं रात्री झोपण्यापूर्वी तिच्याजवळ मन मोकळं केलं होतं. अभ्यासाचं निमित्त होतं. सई वर्गात बरी आहे, तिची काळजी नव्हतीच. प्रत्येक मॅचला लोकांच्या गाडीतून मुलगी पाठवायची आणि आपल्याला एकदाही कुणाची मुलगी नेता येऊ नये, हे मानसीला सहन होत नव्हतं. म्हणून ती सगळ्यांच्या पाळीचे कपडे स्वतः धुवायची. आता मोठा क्लब, आठवड्यातून दोनदा, इतकं लांब. एवढे उपकार कुठल्या धुण्यानं फिटणार, म्हणून तिनं नाहीच म्हणून टाकलं होतं.

"मग मला हे सांगायचं ना," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"शब्द दिला असता."

"तेच," विजया म्हणाली.

अभयनं फोनवरून विम्यात माझं नाव घातलं आणि "दादा, उजव्या बाजूनं चालव" एवढंच तीनदा सांगितलं. मागे सई, लेना आणि विजया. शेजारी मानसी. गावातून बाहेर पडेपर्यंत मी दोनदा दिव्याऐवजी वायपर लावले. पहिल्या चौकात डावीकडच्या गाडीला बघून मी थांबलो.

"भाऊजी, त्याच्यासाठी नाही थांबायचं. उजवीकडून येणारा पहिला. पाटी नसली की उजवीकडचा पहिला."

"आणि तो लहान गाडीवाला असला तर?"

"तरी."

"आपल्याकडे मोठा पहिला."

"म्हणूनच मी पहिल्यांदा नापास झाले," मानसी म्हणाली. मागे सई खुदकन हसली आणि मग मानसीही हसली. इथे आल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

पुढे एक सायकलवाले आजोबा लागले. मानसीनं सांगितलं की यांच्यापासून गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर लांबून जायचं. तेवढी जागा नसेल तर मागेच राहायचं. दुसऱ्यांदा ती याच्यावर नापास झाली होती. जागा नव्हती, म्हणून आम्ही आजोबांच्या मागे चाललो. आमच्या मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या मागे अख्खं बव्हेरिया राज्य. लेनानं सईला काहीतरी विचारलं.

"काका, लेना विचारते, कोल्हापूरमध्ये सगळे इतके हळू चालवतात का?"

"तिला सांग, तिथे मी चॅम्पियन आहे."

वाटभर मानसी सांगत होती आणि मी करत होतो. लेन बदलताना मान वळवा. इथे तीस. आता सोडा, जाऊ दे त्याला. तिला प्रत्येक नियम पाठ होता. पोचलो तेव्हा माझा शर्ट भिजलेला, आणि मुली धावत मैदानावर गेल्या. आम्ही उशिरा पोचलो नव्हतो, कारण मानसीनं माझा वेग आधीच गृहीत धरून आम्हाला लवकर बाहेर काढलं होतं.

सई कशी खेळली याबद्दल माझं मत घेऊ नये. मी काका आहे. पण एकदा डावीकडून तिनं चेंडू आत टाकला तेव्हा तिथल्या ट्रेनर बाईंनी हातातली वही खाली ठेवली. शेवटी त्या मानसीकडे आल्या. मला त्यांचं बोलणं कळत नव्हतं, फक्त मानसीचं "गेनाऊ, गेनाऊ" ऐकू येत होतं, म्हणजे बरोबर, बरोबर. लेना आणि सई दोघींना घेतलं. मग ट्रेनरनं काहीतरी विचारलं आणि मानसी थांबली. सई आईकडे बघत होती. मानसीनं उत्तर दिलं आणि सई येऊन माझ्या कमरेला बिलगली.

"काय झालं?"

"बाईंनी विचारलं, जाण्यायेण्याचं जमेल का," मानसी म्हणाली. "मी म्हटलं, जमवते."

एप्रिल

अजून एकच गोष्ट सांगायची राहिली. क्लबनं ऑगस्टची वाट न बघता मुलींना मंगळवार-गुरुवार सरावाला बोलावलं, आणि परतीच्या विमानापर्यंत एक फेरी मी आणि एक बिर्गिट अशी विभागणी झाली. मानसीनं ड्रायव्हिंग स्कूलला फोन करून पुन्हा तारीख घेतली. तारीख आमच्या निघण्याच्या आदल्या आठवड्यातली निघाली.

त्या दिवशी ती दुपारी घरी आली, चप्पल काढली, हात धुतले आणि सरळ फोन स्पीकरवर टाकून कोल्हापूर लावलं. आमच्या आईनं उचलला.

"आई, मी मानसी. गाडीच्या परीक्षेत नापास झाले. तिसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा?" आई म्हणाली. "आधीच्या दोन कधी झाल्या?"

"त्या सांगितल्या नव्हत्या. यावेळी गोल चौकात थांबले ती थांबलेच. मागे रांग लागली."

पलीकडे आईनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "मग आता?"

"आता चौथी."

"बरं. जेवलीस का?"

सई खेळाची बॅग घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हळूच, जर्मनऐवजी मराठीत, तिनं विचारलं, "आई, काका गेल्यावर मला कोण नेणार?"

"बिर्गिट," मानसी म्हणाली. "पास होईपर्यंत दोन्ही दिवस तीच नेईल. मी वाटेतूनच फोन करून विचारलं तिला."